चौदा ऑगस्टचं पाणी

बसवनकेरी, तलावावरची चौकी
१७ मार्च २०२४

प्रभुलिंग,

आशीर्वाद, खुशाली लिहायची ही वेळ न्हाय. सरळ विचारतो. पर्जन्यमापकात पाणी तू टाकतोस का?

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्ता नंदीश किराणावाल्यानं दिला. इचलकरंजीला सूतगिरणीच्या गेटवर वाचमनच्या कपड्यात तू त्याला दिसलास म्हणे, आणि ओळख दिली न्हाईस. त्याला नको देऊ. पण मी तुझा थोरला भाऊ हाय, तेवीस वर्षं झाली तरी ते काय पुसलं जात न्हाय.

तर ऐक. गुरुवारी सकाळी साडेआठला मापक उघडलं. तुला वाटंल, म्हातारा रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, अजून कशाला तडमडतो? सरकारनं शेजारी आटोमॅटिक खांब उभा केलाय, तो आपला आकडा आपणच पुण्याला धाडतो. माझा आकडा आता कुणी विचारत न्हाय. तरी जातो. एकेचाळीस वर्षांत रजिस्टरात एक रकाना कोरा न्हाय, त्याची ढाल पंचायतीत टांगलेली हाय. सवय म्हण, न्हायतर खोड म्हण. वरचं नरसाळं काढलं, खालची चार लिटरची बाटली उचलली, तर आत पाणी. काचेच्या मापात ओतलं. दोन पूर्णांक चार मिलिमीटर भरलं.

मार्च महिना हाय हा. नोव्हेंबरपासनं एक थेंब न्हाय. तलाव आटून तळाला भेगा पडल्यात, त्यात शेळ्यांचे पाय अडकतात. दव म्हणशील, तर आपल्याकडं मार्चात कसलं दव? माणसाचे ओठ फुटायला लागलेत. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. म्हणून नरसाळ्यावर लोखंडी तवा उपडा घातला, साखळीनं जखडला आणि आपलं जुनं पितळी कुलूप लावलं. आभाळ आलं तर काढीन म्हटलं. शुक्रवारी तवा कोरडा ठणठणीत, आणि खाली बाटलीत दोन पूर्णांक एक. शनिवारी तेच. आज तेच. शेजारच्या खांबावर चारी दिवस शून्य.

त्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या करदोट्याला. दुसरी तुझ्याकडं, मी गावाला गेलो की माझ्याऐवजी तू आकडा घ्यायचास तेव्हापासनं. मी मागितली न्हाय, तू दिली न्हाईस. मग माणसानं संशय घ्यावा कुणावर?

ते पाणी मी प्लास्टिकच्या कॅनमधी साठवतोय, पुरावा म्हणून. रांजणात ओतलं न्हाय. का, ते विचारू नकोस.

मस्करी असंल तर थांबव. राग असंल तर तोंडावर येऊन बोल.

शंकरप्पा


२ एप्रिल २०२४

प्रभुलिंग,

उत्तर न्हाय. बरं. तुला उत्तर द्यायची सवय कुटं होती? आपली आई, अव्वा, म्हणायची, ह्याला दोनदा विचारावं तेव्हा एकदा मान हलवंल.

पाणी रोज येतंय. आजपर्यंतची बेरीज एकेचाळीस पूर्णांक आठ. चांगला पाऊस झाला म्हणायचा, आभाळ नसलेला.

इचलकरंजीहून रोज पहाटे हितं येऊन कुलूप उघडून पाणी टाकून परत ड्यूटीवर जाणं जमणार न्हाय, हे मलाही कळतं. पण मग कुणीतरी तुझ्या सांगण्यावरनं टाकत असणार. विचार करून डोकं फिरायची वेळ आली. एक दिवस मी पहाटे पाचपासनं मापकासमोर खाट टाकून बसलो. नजर हलवली न्हाय. साडेआठला उघडलं. दोन पूर्णांक दोन.

ह्या गडबडीत पुण्याच्या संस्थेतनं एक पोरगी आलीय, आरोही नावाची. सोलापूरचीच हाय, जोडभावी पेठेतली. ढगफुट्या वाढल्यात की लोकांना नुसतं तसं वाटतंय, त्याचा अभ्यास करते. त्यासाठी तलावाच्या तळाचा गाळ काढते. लांब पाईप चिखलात ठोकतात, वर उपसतात आणि उभा चिरतात. आत थरावर थर दिसतात, बेसनाच्या वडीसारखे. दर पावसाळ्याचा एक थर. साधा पावसाळा असला तर बारीक काळी माती. मोठा लोंढा आला असला तर जाड रेतीचा पट्टा. मग ती तो थर आणि माझं रजिस्टर शेजारी ठेवून बघते. मला म्हणाली, काका, ह्या भागात रोजचा आकडा एकाही दिवसाचा खंड न पडता दुसऱ्या कुठंच मिळाला न्हाय. मी तिला सगळी रजिस्टरं दिली. अठ्ठ्याण्णवचं दिलं, दोन हजार सहाचं दिलं. दोन हजार एकचं पण दिलं. देऊ नये असं काय कारण होतं?

पाईप ठोकताना ती ज्या जागी उभी होती, तिथनं शंभर पावलांवर तुझी शरणम्मा सापडली होती. मी आरोहीला बोललो न्हाय. कोरड्या तळावर ती जागा कुणाला ओळखू येत न्हाय, मला येते.

तू अजून मनात धरून बसलास त्या साक्षीचं. मी कोर्टात रजिस्टरात होतं तेवढंच सांगितलं. चौदा ऑगस्ट दोन हजार एक, सकाळी साडेआठ, पाऊस शून्य. तू म्हणालास, सासुरवाडीला निघालो होतो, फरशी पुलावर मोटारसायकल घातली आणि वरनं एकदम पाण्याची भिंत आली, बायको मागच्या सीटवरनं गेली. नऊ वाजता लोक जमले तेव्हा ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. गावात तर फक्त चार टिपकं पडलेले. तिचे भाऊ म्हणाले, गुडघाभर पाण्यात धडधाकट बाई वाहून जात न्हाय, मूलबाळ होईना म्हणून ह्यानंच तलावात बुडवली. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालेलं अर्ध्या गल्लीनं ऐकलं होतं. त्यात मी कुटं आलो? पाऊस झाला असता तर मी झाला म्हणालो असतो. सख्ख्या भावाच्या विरोधात खरं बोलायला छाती लागते, असं लोक म्हणाले.

तू सात वर्षं आत काढलीस आणि सुटल्यावर गावाकडं तोंड केलं न्हाईस. ते तुझं तू ठरवलंस.

पाणी बंद कर.

शंकरप्पा


११ एप्रिल २०२४

प्रभू,

तुझं पाकीट आज आलं. चिठ्ठी न्हाय, कागदाचा कपटा न्हाय. नुसती किल्ली.

हातात घेतली तर गंजाचा भुगा पडला. कुलपात घालून बघितली. दात झिजलेत तिचे, फिरत न्हाय. ह्या किल्लीनं दहा-पंधरा वर्षांत काय उघडलं नसणार.

म्हणजे आता कुलूप उघडणारी किल्ली जगात एकच, ती माझ्या कमरेला. आज सकाळी दोन पूर्णांक तीन.

तुझ्यावर उगाच आळ घेतला. हे वाक्य लिहायला मला दुपारपासनं संध्याकाळ झाली, तेव्हा नीट वाच.

शंकरप्पाण्णा


२५ एप्रिल २०२४

प्रभू,

बेरीज सत्त्याण्णव पूर्णांक दोन. मला भ्या वाटायला लागलंय. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं न्हाय, आणि तू तर उत्तर देत न्हाईस, म्हणून तुलाच सांगतो.

मागच्या आठवड्यात आरोहीला सगळं दाखवलं. मनात होतं, शिकलेली पोरगी हाय, हसंल आणि काहीतरी साधं कारण सांगंल. तिनं माझ्याकडनं किल्ली घेतली, आदल्या संध्याकाळी स्वतः बाटली पुसली, स्वतः कुलूप लावलं, वर कागदाची पट्टी चिकटवून सही केली आणि किल्ली घेऊन अक्कलकोटला लॉजवर गेली. सकाळी आली. पट्टी जशीच्या तशी. उघडलं. दोन पूर्णांक दोन. ती हसली न्हाय. तिनं पिशवीतनं एक पेनासारखं यंत्र काढून पाण्यात बुडवलं. आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, क्षाराचं. हे पाणी तसं न्हाय. म्हणाली, काका, हे पावसाचंच पाणी हाय.

थोडंसं शिशीत भरून तिनं पुण्याला नेलंय. पाण्यातसुद्धा महिन्याची खूण असते म्हणे. वळवाच्या पाण्याची वेगळी, भर पावसाळ्यातल्याची वेगळी, परतीच्या पावसाची वेगळी. ती खूण ओळखणारं यंत्र हाय त्यांच्याकडं. कॅनमधनं किती नेलं ते मी लिहून ठेवलं, दीड मिलिमीटर. हिशेब तर चोख पायजे की.

मग तिनं गाळाचं सांगितलं. सगळे थर रजिस्टराशी जुळले. अठ्ठ्याण्णवचा लोंढा दिसला, दोन हजार सहाचा दिसला, वीसचा दिसला. पण दोन हजार एकच्या थरात चार बोटं जाड रेती हाय. सगळ्या पाईपांत हाय. त्या साली माझ्या रजिस्टरात सबंध ऑगस्ट कोरडा. एवढी रेती आणायला ह्या माळावर एका रात्रीत दीडशेच्या वर पाऊस लागंल म्हणाली, दोनशेच्या आत.

"काका, त्या साली काय झालं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काय न्हाय, दुष्काळ होता.

व्हय, तेवीस वर्षांनी परत तेच म्हणालो. जिभेला सवय झालीय.

चौकीतला मोठा रांजण आठवतो का? मी तो बऱ्याच वर्षांपासनं कोरडा ठेवलाय, पालथा. काल त्याच्याकडं पाठ करून जेवलो. मला तहान लागली की मी खाली पंपापर्यंत चालत जातो, अर्धा मैल. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला व्यायामाचं वेड.

अण्णा


१२ मे २०२४

तम्मा,

लहानपणी तुला ह्याच नावानं हाक मारायचो. आज सगळं लिहिणार हाय. मधी थांबलो तर परत धीर व्हायचा न्हाय, म्हणून तू पण थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

काल आरोही आली. शिशीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. पाणी ऑगस्टच्या पावसाचं हाय, जोराच्या पावसाचं. ह्या उन्हाळ्याचं न्हाय. तिनं मला चार वेळा विचारलं, काका, तुमी कुठं जुनं पाणी साठवून ठेवलं होतं का? मी न्हाय म्हणून मान हलवली. मग ती माझ्यासमोर खाटेवर बसली आणि म्हणाली, ह्याचा मला उलगडा होत न्हाय, आणि गाळाचाही होत न्हाय. वर साहेबांशी बोलली म्हणे. त्यांचं म्हणणं, एवढ्या शिस्तीचं रजिस्टर चुकायचं न्हाय. म्हणजे तळातला गाळच कुणीतरी, वाळूवाल्यांनी वगैरे, ढवळलेला असणार. तेव्हा दोन हजार एकची रेती अभ्यासातनं काढून टाकायची. खाली तळटीप द्यायची की गाळ विश्वासाचा न्हाय.

"तुमचं शून्य खरं, काका. माझाच गाळ खोटा," असं म्हणून ती पोरगी उठली.

त्या गाळानं तेवीस वर्षं खरं धरून ठेवलं होतं, आणि माझ्या नावाखातर तो खोटा ठरत होता. जसा तू ठरलास.

आता ऐक. श्रावणातला शेवटचा सोमवार होता, तेरा ऑगस्ट. शेजारच्या गावात कुस्त्यांचा फड. मला जायचं होतं, रात्री मुक्काम करायचा होता. मंगळवारचा आकडा तू घे म्हटलं, तर तू म्हणालास, अण्णा, उद्या जमत न्हाय, शरणम्माला तिच्या आईकडं सोडायला जातोय. मला राग आला. एक दिवस भावासाठी होत न्हाय म्हटलं. मग सोमवारी दुपारीच मी मंगळवारचा रकाना भरला. शून्य पूर्णांक शून्य. सही पण केली. त्या साली आभाळच नव्हतं रे, शून्याशिवाय काय येणार होतं? आणि खरं सांगायचं तर ती पहिली वेळ नव्हती. नंदीशला सांगून ठेवलं, सकाळी नवाला दुकानातनं तालुक्याला फोन कर, बसवनकेरी शून्य. एवढं करून मी कुस्त्या बघायला गेलो.

मंगळवारी साडेदहाला परत आलो. फरशीवर गर्दी दिसली, पण मी आडवाटेनं थेट चौकीवर चढलो, आधी मापक बघावं म्हणून. नरसाळ्यात पालापाचोळा अडकलेला, खालची माती खरवडून गेलेली. बाटली उचलली तर हाताला जड. तोंडाला चार बोटं कमी, एवढी भरलेली. रात्री ह्या माळावर फुटलं होतं आभाळ. गावात न्हाय, फक्त हितं वर. हितं राहणारा माणूस मी एकटा, आणि मी नव्हतो.

तेवढ्यात खालनं कुणीतरी ओरडत आलं, प्रभूची बायको गेली, तो म्हणतोय वर पाऊस झाला, तिचे भाऊ त्याला मारतायत.

मी बाटली हातात धरून उभा होतो. रजिस्टरातली शाई वाळलेली. तालुक्याला शून्य कळवलेलं. त्याच महिन्यात माझी कायम नेमणुकीची ऑर्डर यायची होती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तू डोक्यात आलास ते त्याच्यानंतर. हे मी कुणाला सांगितलं न्हाय, आज तुला सांगतो.

पाणी फेकून देणार होतो. पण तीन दिवस टँकर आला नव्हता. आपल्या भागात कुणी पाणी फेकत न्हाय, हाताला ते जमतच न्हाय. मी बाटली रांजणात ओतली. मोजलं न्हाय. एकेचाळीस वर्षांत बाटलीत आलेलं आणि मी न मोजलेलं पाणी तेवढंच.

दुपारी पोलिसांनी तुला माझ्या चौकीच्या पायरीवर आणून बसवलं, आठवतं? तू म्हणालास, अण्णा, पाणी दे. मी रांजणातनं पेला भरून दिला. तुझ्याकडं असलेला एकुलता एक पुरावा मी तुझ्याच हातात दिला आणि तू तो पिऊन टाकलास. पेला खाली ठेवून तू म्हणालास,

"अण्णा, तू तरी सांग की ह्यांना. वर पाऊस लई झालाय."

मी आत गेलो, रजिस्टर आणलं आणि पोलीस साहेबासमोर उघडून ठेवलं.

उरलेलं पाणी मी चार दिवस प्यालो. मग रांजण पालथा घातला.

आता मापकात जे येतंय ते कुटलं पाणी हाय, हे मला पहिल्या दिवसापासनं कळलं होतं. म्हणूनच तुझ्यावर आळ घेतला. तू टाकतोस असं झालं असतं तर बरं झालं असतं की. त्या दिवशीचं पाणी रोज थोडं थोडं करून माझ्याकडनं मोजून घेतलं जातंय. आज बेरीज एकशे बत्तीस पूर्णांक सहा.

अण्णा


३० मे २०२४

तम्मा,

पाणी थांबलं. सव्वीस तारखेला शेवटचं आलं, एक पूर्णांक एक. त्यानंतर चार दिवस बाटली कोरडी. बेरीज एकशे चौसष्ट पूर्णांक सहा. आरोहीच्या रेतीनं दीडशे ते दोनशे सांगितलं होतं. मधी एक वळीव येऊन गेला, पण तवा वर होता, त्यातलं काय आत आलं न्हाय. आकडा पक्का हाय.

काय काय केलं ते सांगतो. तेरा तारखेला सकाळी आरोहीला रजिस्टर परत मागितलं आणि तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, आणखी किती शून्यं अशी हायत? मी आठवतील तेवढ्या तारखा दिल्या. एकोणीस निघाल्या. ती त्या वहीत उतरवताना रडत होती. पोरीनं माझ्यावर विश्वास टाकला होता, तो मोडला. जाताना तिनं काका म्हटलं न्हाय. पण रेती तिनं अभ्यासातनं काढलेली न्हाय, शून्य काढलंय.

मग अक्कलकोटला वकिलाकडं जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. तो म्हणाला, आजोबा, खोट्या साक्षीसाठी तुमच्यावर केस होईल, ह्या वयात कशाला? मी म्हटलं, तुमी लिहा. ग्रामसभेत उभा राहून बोललो. कुणाचा विश्वासच बसंना. नंदीश म्हणाला, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. ढाल मी स्वतः स्टुलावर चढून काढली, खिळा तेवढा राहिलाय.

आणि पार्वतम्माकडं गेलो. तुझी सासू अजून हाय, नव्वदीला आलीय, डोळ्यांनी दिसत न्हाय. तिच्या जावयानं लेकीला मारलं न्हाय, हे सांगायला तेवीस वर्षं लावणारा माणूस मी. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग तिच्या कन्नडमधी विचारलं,

"नीरु बंदित्ता?"

पाणी आलं होतं का. मी म्हटलं, व्हय अव्वा, आलं होतं. लई आलं होतं. तिनं परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. अशी ती आठ-दहा वेळा विचारत राहिली. मग म्हणाली, एवढी वर्षं मी रोज त्या पोराला शाप दिला, आता ते शाप कुटं ठेवू? मी म्हटलं, मला दे. तिनं मान फिरवली.

आता शेवटची गोष्ट.

रजिस्टरात दुरुस्ती करायची म्हणून काल सकाळी साडेआठला कॅनमधलं सगळं पाणी काचेच्या मापानं पुन्हा मोजलं. रोजची नोंद एकशे चौसष्ट पूर्णांक सहा. आरोहीनं नेलेलं दीड वजा केलं तर एकशे त्रेसष्ट पूर्णांक एक भरायला पायजे. भरलं एकशे त्रेपन्न पूर्णांक एक. कॅनला भोक न्हाय, झाकण मेण लावून बंद केलेलं. तीनदा मोजलं. तीनदा दहा मिलिमीटर कमी.

आपल्या मापात दहा मिलिमीटर म्हणजे दोनशे मिली. मी उठलो, फळीवरचा चौकीतला जुना स्टीलचा पेला काढला आणि भरून बघितलं. काठोकाठ तेवढंच बसलं.

मी चार दिवस प्यालेलं सगळं परत आलंय, तम्मा. माझ्याकडनं सगळं वसूल झालं. तुझा पेला तेवढा कमी हाय. तो तुझ्याकडनं कुणी परत मागितलेला न्हाय.

रजिस्टरात चौदा ऑगस्टच्या शून्यावर रेघ मारली आणि एकशे चौसष्ट पूर्णांक सहा लिहिलं, तुझा पेला धरून. दुरुस्त केलेल्या आकड्याखाली दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची. माझी केली. दुसरी जागा कोरी ठेवलीय. पडताळायला माझ्यानंतर तूच असायचास.

माफी मागत न्हाय. ती मागायला पण समोर यावं लागतं, आणि तुझ्या गेटवर यायचा मला हक्क न्हाय. तू मला मारलंस तरी चालंल, बोलला न्हाईस तरी चालंल. माझ्या हातचं पाणी तू पिणार न्हाईस, ते म्हायती हाय. पंपावर तुझ्यासाठी वेगळा तांब्या ठेवलाय.

पितळी कुलपाची नवी किल्ली पाडून घेतली, ती ह्या पाकिटात हाय. पाऊस लागायच्या आत ये. सकाळी साडेआठला मी चौकीपासनं लांब, फरशीपाशी उभा असंन. तू वर जा, तू उघड आणि तू मोज.

तुझा अण्णा